पश्चात्ताप कुणाचा, आज्ञा कुणाची?

‘आज्ञापालन’ हा शब्द मला लहानपणापासून खुपतो. आमच्या आजोबांनी तरुणपणी वेसकरकी केली. पाटलाचे बोलावणे आले की हातातला घास टाकून उठायचे. त्यालाच आमच्याकडे आज्ञा पाळणे म्हणत. त्या घरातला मी पहिला पदवीधर. महाविद्यालयात इतिहास शिकवताना पंडिता रमाबाईंपाशी मी अडखळलो तो ह्याच शब्दामुळे. ब्राह्मणी शास्त्रांचे जोखड फेकून देणारी ही विदुषी ख्रिस्तापुढे सर्वस्वी शरण कशी गेली?

रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज येथे. त्यांचा पत्रव्यवहार साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. तो वाचताना माझा गैरसमज गळून पडला. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन चर्चची शिस्त मानायला सांगतात. रमाबाई १८८५ साली कळवतात की, भारतातल्या पुरोहितांचे जू आत्ताच उतरवले आहे, तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही. देवाची आज्ञा मान्य, पाद्र्याची आज्ञा म्हणजे देवाची नव्हे! जोतीराव फुल्यांनी त्याच वर्षी ‘सत्सार’मधून ह्या बाईची बाजू घेतली ती उगीच नव्हे.

पश्चात्ताप मात्र पुढे आला. १९०७ च्या आत्मकथनात त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठेक वर्षे गेली. विद्वत्ता, नियम, समाजसुधारणा ह्यांनी आपले पाप धुतले जात नाही, हे त्यांना तेव्हा पटले.

इथे मी बराच थांबलो. शास्त्रांनी आम्हांलाही पाप दिलेच होते. पण ते मागल्या जन्मीचे. न आठवणाऱ्या गुन्ह्याचा पश्चात्ताप कसा करणार? तो फक्त भोगायचा. रमाबाईंचे पाप ह्याच जन्मातले, स्वतःचे, म्हणून सोडून देता येणारे होते.

हे सोडणे आचरणातही दिसते. १८८९ सालच्या शारदासदनात उच्चवर्णीय विधवांचे सोवळे सांभाळले जाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात अनेक जातींच्या मुली एकत्र राहू लागल्या.

१९०५ साली तिथे संजीवनाची लाट आली. मुली रडत आपापली पापे कबूल करू लागल्या. मिशनरी वृत्तान्तांत त्याचे फार कौतुक आहे, मला ते सरसकट करवत नाही. वर्गातल्या एका मुलीने विचारले, “सर, दुष्काळात ह्या मुलींना विकणारे कुठे रडले?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या आईला अजून परक्या शेतात खुरपताना मी पाहिले आहे.

पुढच्या तासाला मी बायबलच्या भाषांतराविषयी सांगितले. साध्या बाईमाणसाला कळावे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. खिळे जुळवले ते मुक्तिसदनातल्याच बायकांनी. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. रमाबाई १९२२ सालीच गेल्या होत्या.