फाइल झटपट कशी उघडते? पेज कॅश आणि रीड-अहेड

फाइल वाचण्याचा वेग फक्त डिस्कवर अवलंबून नसतो. डिस्क आणि प्रोग्राम यांच्यामध्ये कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असतो. वाचलेली माहिती मेमरीत किती काळ ठेवायची आणि पुढची माहिती आधीच आणायची का, हे कर्नल ठरवतो. लिनक्समध्ये यासाठी पेज कॅश आणि रीड-अहेड या दोन सोयी आहेत.

डिस्कला वेळ का लागतो?

समजा, जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्रकलेसाठी ओळखल्या जाणाऱ्या गंजाडमधील एका शाळेत जुना संगणक आहे. त्यावर एका चित्राच्या स्कॅनची १०० एमबीची फाइल आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते. हवी ती जागा शोधायला डिस्कच्या हेडला साधारण १० मिलिसेकंद लागतात. कर्नल माहिती सहसा ४ केबीच्या ‘पेज’मध्ये हाताळतो. म्हणजे या फाइलची २५,६०० पेजेस झाली. प्रत्येक पेजसाठी जागा नव्याने शोधावी लागली, तर चार मिनिटांहून अधिक वेळ जाईल. तीच फाइल सलग वाचली, तर सेकंदाला १०० एमबी देणारी डिस्क ती एका सेकंदात देते.

पेज कॅश

एकदा वाचलेली पेजेस कर्नल रिकाम्या मेमरीत ठेवतो. तीच फाइल पुन्हा उघडली की डिस्ककडे जावे लागत नाही. त्यामुळे लिनक्सवर ‘फ्री’ मेमरी कमी दिसते आणि अनेकांना संगणकाची मेमरी संपत आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात वाचून ठेवलेली, न बदललेली पेजेस गरज पडताच सोडून देता येतात. म्हणून ‘अव्हेलेबल’ हा आकडा पाहावा.

रीड-अहेड

प्रोग्राम फाइल ओळीने वाचत आहे असे दिसले, की कर्नल पुढची पेजेस न मागता आणू लागतो. अंदाज बरोबर ठरत गेला, तर एका वेळी आणायची माहिती वाढत जाते. लिनक्समध्ये तिची नेहमीची कमाल मर्यादा १२८ केबी आहे. आजची ‘ऑन-डिमांड’ रीड-अहेड पद्धत वू फेंगग्वांग यांनी लिहिली. ती २००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत आली.

मर्यादा वाढवली तर?

मोठ्या व्हिडिओ फाइलींना फायदा होऊ शकतो. डेटाबेस मात्र इकडून तिकडून थोडी थोडी माहिती वाचतो. तिथे आगाऊ आणलेली पेजेस वाया जातात आणि कमी मेमरीच्या संगणकात उपयोगी पेजेसना बाहेर काढतात. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नसते, तरी प्रत्येक मागणीचा खर्च असतोच. त्यामुळे तिथेही रीड-अहेड उपयोगी पडते.

फोलिओ

हजारो पेजेसची वेगवेगळी नोंद ठेवण्यातही प्रोसेसरचा वेळ जातो. म्हणून मॅथ्यू विलकॉक्स यांनी अनेक पेजेस एकत्र हाताळणारी ‘फोलिओ’ ही रचना आणली. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.१६ आवृत्तीपासून ती लिनक्समध्ये आहे.

वेग मोजताना

कोणताही बदल करून वेग तपासताना दुसऱ्यांदा केलेले वाचन फसवे ठरते, कारण ते बहुधा मेमरीतून झालेले असते. दोन्ही वेळा कॅश रिकामी करून मोजले, तरच डिस्कवरून वाचण्याच्या वेगात पडलेला फरक कळतो.