पाद्रीबोवांचें पुराण

फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास उतरले. साष्टी प्रांतांतील ज्या लोकांत त्यांना आयुष्याचा बहुतेक काळ काढावयाचा होता, त्यांचीं देवळें त्यापूर्वींच पाडण्यांत आलीं होतीं आणि जुन्या पोथ्यांवर बंदी होती. १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. त्याचा सूड म्हणून गांवच्या पुढाऱ्यांची कत्तल झाली. अशा ठिकाणीं परक्या उपदेशकाचे बोल कोण मनापासून ऐकणार?

स्टीफन्स यांनीं प्रथम कोंकणी शिकून घेतली. तिचें व्याकरण त्यांनीं रचलें. तें त्यांच्या पश्चात् १६४० मध्यें रायतूर येथें छापून निघालें. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचें पुस्तकही त्यांनीं कोंकणींतच लिहिलें. मग मोठा ग्रंथ तेवढा मराठींत कां? घरांत व बाजारांत कोंकणी बोलावयाची, पण पुराण ऐकावयाचें तें मराठींत आणि ओवीबद्ध, अशी तेथील जुनी रीत होती. ग्रंथाच्या आरंभींच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो कीं, आमचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं? या प्रश्नांतील व्यथा ग्रंथकारानें दडविली नाहीं, हें श्रेय त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूरासच छापलें गेलें, तेंही रोमन लिपींत! आंतील थाट मात्र आरंभींच्या नमनापासून थेट आपल्या पुराणाचा. स्वर्गाला स्टीफन्स वैकुंठ म्हणतात. कानाला शब्द ओळखीचा खरा. पण वैकुंठ म्हटल्यावर ज्याला विष्णु आठवणार नाहीं, असा श्रोता त्या काळच्या कोंकणांत कोठून मिळावा? हा धोका त्यांना कळत नव्हता असें नाहीं. जेथें अर्थाचा घोटाळा मुळींच परवडणारा नव्हता, त्या 'पवित्र आत्मा' या कल्पनेला त्यांनीं मुकाट्यानें पाश्चात्त्य नांवच राहूं दिलें.

१६४९ व १६५४ मध्यें ग्रंथ पुन्हां छापला गेला. पुढें १६८४ मध्यें विजरईनें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. पुराणाच्या हस्तलिखित नकला मात्र घरोघर टिकून राहिल्या; त्यांच्याच आधारें १९०७ सालीं साल्ढाणा यांनीं मंगळूरास तें पुन्हां छापविलें.