लेखनप्रमाद आणि वाचनप्रमाद : मराठवाड्याचे उर्दू दप्तर

२०२३ पासून मराठवाड्यात ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. वास्तविक गॅझेट म्हणजे राजपत्र आणि गॅझेटियर म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा वर्णनकोश. १९०९ साली कलकत्त्यात छापलेल्या इम्पीरियल गॅझेटियरच्या हैदराबाद खंडात लोकसंख्येचे आकडे मिळतात, कोणाच्या पणजोबांचे नाव मिळत नाही. नाव मिळते ते गावाच्या दप्तरात. न्या. संदीप शिंदे समितीने २०२३ पासून जे शोधले ते मुख्यतः हे दप्तर होते, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने गावपातळीवर तीन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली तेव्हाही प्रश्न अखेर जुन्या कागदाशीच येऊन थांबला. निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा वाद न्यायालयात गेला आहे. तो येथे करावयाचा नाही. मला प्रश्न पडतो तो त्याच्या अलीकडचा : हे कागद वाचणार कोण?

परभणी आणि पूर्णा यांच्या मधले पिंगळी हे लहान स्टेशन उदाहरण म्हणून घेऊ. गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारी निजामाच्या राज्यातली ही रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. गाव मराठी बोलणारे आणि कारभार उर्दूचा. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर संस्था निघाली आणि पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठ. शास्त्र-कायद्याचे शिक्षण देशी भाषेतून देण्याचा तो प्रयोग थोरच होता, फक्त ती देशी भाषा मराठवाड्याची नव्हती. जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, कारण वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. जहागिरी रद्द झाल्या १९४९ मध्ये, पण त्या कायद्यावरही सन आहे १३५८ फसली. संस्थान विलीन होऊन वर्ष होत आले तरी सनाची गणना जुनीच चालली होती.

आता लिपीकडे पाहू. उर्दूत ‘पिंगळी’ लिहिण्यास पे, नून, गाफ, लाम, ये ही पाच अक्षरे पुरतात. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, ‘ळ’ला चिन्ह नाही. म्हणून तेच पाच अक्षरांचे रूप पिंगली, पंगली किंवा पुंगली असे कसेही वाचता येते. हात शिकस्त वळणाचा, घाईचा असेल तर कारकून नुक्ते गाळतो, गाफवरची जादा रेघही गाळतो आणि गावाचे नाव ‘बंकली’ही होऊ शकते. वाचणारा परभणी तालुक्याच्या गावांची यादी जाणत असेल तर तो चुकणार नाही. परंतु मग तो अक्षरे वाचत नसतो, संदर्भ वाचत असतो.

‘कुणबी’ या शब्दाचे तसेच. काफ, नून, बे, ये. शब्दाच्या मध्ये येणारे नून आणि बे हे दोन्ही केवळ एक दात असतात. एकाचा नुक्ता वर, दुसऱ्याचा खाली, एवढाच भेद. नुक्ते गेले की दोन सारखे दात उरतात. त्यांत ‘पे’, ‘ते’, ‘ये’ काहीही बसते. जातीचा रकाना आहे म्हणून आपण ‘कुणबी’ वाचतो, आणि बहुतेक वेळा बरोबरच वाचतो. मात्र एखाद्या मुलीचा वैद्यकीय प्रवेश ज्या शब्दावर अवलंबून आहे, तेथे ‘बहुतेक वेळा’ पुरत नाही. ज्याला ती नोंद नकोशी आहे त्याच्या वकिलालाही हीच शंका काढता येते, हे विसरू नये.

१९४८ नंतर या दप्तराची मराठी होत गेली. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, संरक्षित कुळांच्या नोंदी झाल्या, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आले, जे आजही जमिनीच्या दाव्यांत पुढे केले जाते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतर सातबारा स्थिरावला. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एका लिपीतून दुसऱ्या लिपीत उतरवले. ते नाव उच्चारून, गावकऱ्याला विचारून, अंदाजाने. संहितेच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची सोय आहे. शब्द सुंदर आहे. पण लिप्यंतरात होतो तो वाचनप्रमाद, आणि त्याला कायद्यात नाव नाही; दुरुस्तीच्या अर्जात तो लेखनिकाच्या माथी मारावा लागतो.

संगणकाने यात काय केले? डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर आली. तालुक्याची खेप वाचली, हे मोठेच काम. जुन्या बाडांच्या प्रतिमा काढल्या जात आहेत, तेही हवेच. वाळवी प्रतिमेला लागत नाही. तथापि प्रतिमा म्हणजे वाचन नव्हे. न वाचता आलेला कागद पडद्यावरही तेवढाच न वाचता येणारा असतो, फक्त आता तो न वाचता शोधसूचीत नोंदला जातो. सूचीत एकदा ‘पंगली’ पडले की पिंगळी शोधणाऱ्याला तो कागद सापडत नाही, आणि सापडला नाही म्हणजे ‘नोंद आढळली नाही’ असा शेरा मिळतो. हस्तलिखित बाडाच्या काळात निदान पाने उलटणारा माणूस होता.

मराठीच्या एम.ए.ला आपण पाठचिकित्सा शिकवतो. महानुभावांची सांकेतिक लिपी राजवाड्यांनी उलगडली, कोलत्यांनी ‘लीळाचरित्र’ संपादिले. प्रती जुळवणे, पाठभेद नोंदवणे, संशयित जागी कंस घालणे ही शिस्त आपल्याला परकी नाही. ती तेराव्या शतकापाशी का थांबावी? आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी लोखंडी पेटीत असा एखादा उर्दू कागद घडी करून ठेवलेला असतो, आणि तो वाचून देणारे वृद्ध एकेक करून कमी होत आहेत. मोडी थोडीबहुत शिकवली जाते. दफ्तरी उर्दू मराठी विभागात कोणी शिकवताना मी पाहिलेली नाही. उर्दू विभाग काव्य शिकवतो, तलाठ्याचे अक्षर नाही.

निदान एवढे तरी व्हावे, की प्रत्येक लिप्यंतरासोबत मूळ प्रतिमा, वाचणाऱ्याचे नाव आणि संशयित अक्षरांची खूण असावी, म्हणजे दुसऱ्याला ते वाचन तपासता येईल. संशोधित आवृत्तीच्या तळटीपेत आपण हे करतोच. तहसिलातून मिळणाऱ्या प्रमाणित नकलेवर मात्र शिक्का असतो, पाठभेद नसतो.