ठासणीच्या बंदुकीचा चाप
तोंडातून दारूगोळी ठासून भरायच्या बंदुकीचा बार उडवणारी कळ. अठराव्या शतकात देशी फौजांत तोड्याची बंदूक सर्रास असे. तिचा लांब, पातळ चाप ओढला की घोडा पेटता तोडा रंजकावर टेकवी. अडवणारा खटका नसल्याने ओढ मऊ, पण लांबलचक.

चकमकीच्या बंदुकीत कमानीने ताणलेल्या घोड्याला खाचेत अडकलेला खटका धरून ठेवतो. ओढ जड लागली की लोक कमानीला दोष देतात. पुष्कळदा दोष खाचेतल्या खरबरीतपणाचा किंवा चापाच्या खिळीच्या जागेचा असतो. खीळ उंच आणि खटक्याच्या दांडीजवळ बसवली की तरफ सुधारते. खाच घासताना कोन बदलला किंवा पृष्ठभागाचे कडक पाणी उतरले, तर खटका धक्क्यानेही सुटतो. काही युरोपीय शिकारी बंदुकांत ओढ हलकी व्हावी म्हणून दोन चाप असत: मागचा ओढून यंत्रणा ताणायची, मग पुढच्याला नुसता स्पर्श पुरे.

भारतात बंदुकीच्या व्यावसायिक दुरुस्तीला १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो.