मांजराचा पगार

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या संग्रामपूरच्या घरात, कापूस भरून ठेवलेल्या खोलीत, मांजरीचं एक पिल्लू सापडलं. वय असेल महिनाभराचं, चालताना झोकांड्या जात होत्या. त्याची आई दोन दिवस आधी मागच्या परसात मरून पडली होती. गल्लीत उंदरांचं औषध टाकलं होतं. विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला असावा. आजीने वाटीत गाईचं दूध ओतलं, ज्वारीची भाकर कुस्करली आणि पिल्लापुढे सरकवली. त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. दुसऱ्या दिवशी हगवण लागली, तिसऱ्या दिवशी ते उठेचना.

पशुवैद्यांनी सलाईन दिलं आणि दूध बंद करायला सांगितलं. आजीला ते पटलं नाही. "आपल्या घरची सारी मांजरं दूधभाकरीवरच तं वाढली," ती म्हणाली.

खरंच वाढली होती का? या एका वाक्यामुळे मी मांजरांच्या इतिहासात शिरले.

मांजर माणसाकडे आलं ते धान्यामागे, म्हणजे धान्य खाणाऱ्या उंदरांमागे. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर मांजर जवळपास सरकारी नोकर आहे: उंदीर माजले तर मांजरं आणि मुंगसं सोडावीत, आणि त्यांना जो पकडेल किंवा मारेल त्याला १२ पण दंड. त्यांना खायला काय घालावं याची चिंता तिथे नाही. कामातच जेवण होतं.

आमच्या वऱ्हाडात या नोकरीचा एक मोठा अध्याय प्लेगच्या काळातला. १८९६मध्ये प्लेग मुंबईत आला आणि पुढच्या काही वर्षांत आतल्या भागात पसरला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये दाखवून दिलं, की उंदरांच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. मग इथून पूर्वेला, अमरावतीत, सिव्हिल सर्जन असलेल्या अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी एक वेगळाच हिशेब मांडला. गावात मांजरं किती आणि प्लेग किती? जिथे घरोघरी मांजरं, तिथे प्लेगला थारा मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९०८मध्ये त्यांनी ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. त्यांचा उत्साह जरा जास्तच होता, कारण मांजरालाही प्लेग होतो. पण वऱ्हाडातल्या मांजरांची शिरगणती करायला निघालेला गोरा साहेब मला फार आवडतो.

त्या काळी ज्वारी पेवांत असायची, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल कोठारांत. घरं मातीची, माळ्यावर कडबा. उंदरांना राज्यच होतं. रानात-परसात स्वतःच्या बळावर जगणाऱ्या मांजराला दिवसाला आठ-दहा लहान उंदीर लागतात, आणि ते तिथे मिळत. दूधभाकर हे वरचं चहापाणी. खरा पगार उंदरांत मिळायचा. आमच्यासारख्या माळकरी घरात ही सोय आणखीच बरी होती. घरात अंडंसुद्धा यायचं नाही, मांजराचा मांसाहार परस्पर बाहेर व्हायचा आणि पुण्य मात्र दुधाच्या वाटीला लागायचं.

पुढे पेवं बुजली. ज्वारीच्या जागी कपाशी आणि सोयाबीन आलं, घरं सिमेंटची झाली. उरलेल्या उंदरांसाठी दुकानात पुडी मिळू लागली. पगार बंद झाला, चहापाणी तेवढं चालू राहिलं.

त्या पगारात नेमकं काय होतं हे विज्ञानाला फार उशिरा कळलं. १९७५मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की टॉरिन हा घटक आहारात नसेल तर मांजरांचा दृष्टिपटल झिजतो आणि ती आंधळी होतात. टॉरिन मांसात असतं. ज्वारीत नसतं, दुधात नावापुरतं. १९८७मध्ये पॉल पायन या पशुवैद्याने आणखी धक्का दिला. टॉरिन कमी पडल्याने मांजरांचं हृदय फुगून निकामी होत होतं, आणि त्यातली कितीतरी मांजरं कंपन्यांचं पाकीटबंद खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. म्हणजे चूक फक्त आजीची नव्हती.

उंदरात पाणीही असतं, वजनाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. वाळवंटी पूर्वजांचं हे जनावर वाटीतलं पाणी कमीच पितं. त्याची तहान बरीचशी शिकारीतूनच भागते. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. आमच्या तालुक्यात किडनीच्या आजाराबद्दल कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. तरी मांजराला कोरडं खाणं घालून मोकळं व्हावं, हे मलाही आधी सुचलंच होतं.

पिल्लाचं नाव आम्ही सरकी ठेवलं. पहिला आठवडा तिला अकोल्याहून आणलेली, मांजरांच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर दिली, कोमट करून, दर काही तासांनी. मग उकडून बारीक कुस्करलेलं चिकन, कधी अंडं. मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पण नुसत्या चिकनवर हाडं कच्ची राहतात, कारण उंदीर खाताना मांजर त्याची हाडंही खातं आणि कॅल्शियम तिथूनच मिळतं. म्हणून दोन महिन्यांपासून पिल्लांसाठीचं पाकिटातलं खाणं पाण्यात भिजवून सुरू केलं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग सकाळ-संध्याकाळ. वर्षाची झाल्यावर मोठ्या मांजरांचं खाणं. ऑपरेशननंतर तर माप आणखी कमी केलं, नाहीतर ती गोल व्हायला लागली होती.

चिकन शिजवायचं कुठे, हा प्रश्न मात्र कुठल्याच जर्नलमध्ये नव्हता. स्वयंपाकघरात शक्यच नव्हतं. आठवडाभर मी मैत्रिणीच्या घरून डबा आणला, आजीने तो पाहून न पाहिल्यासारखं केलं. एका सकाळी उठले तर गोठ्यात तीन विटांची चूल मांडलेली, शेजारी एक जुनं जर्मनचं पातेलं. "हे पातेलं आत आणू नको," एवढंच ती बोलली. सरकीच्या खाण्याची वेळ मी कधी विसरले तर आठवण तीच करून द्यायची, हातातला हरिपाठ न थांबवता.

गेल्या महिन्यात सरकीने पहिला उंदीर धरला आणि आजीच्या खाटेखाली आणून ठेवला. आजीने तिला पाठीवरून हात फिरवला. मग तो उंदीर कागदात धरून उकिरड्यावर खड्डा करून पुरला. कोणाच्या घरची पुडी खाऊन आला असेल, सांगता येत नाही.