पत्ता : जि. पूर्व खानदेश

परवा धुळ्याहून आतेभाऊ जुने फोटो पाठवत होता. माझ्या जळगावच्या कॉम्प्युटरवर फेडोरा जाऊन डेबियन आलं होतं. सेटिंगची फाइल मात्र मी जुनीच आणून ठेवलेली. लॉगिन होई, फोटो येईनात. दोन रात्री गेल्या!

चूक माझीच. एसएफटीपीचा प्रोग्राम आपण हाताने कधी चालवत नाही, दुसरा प्रोग्रामच त्याला हाक मारतो. फेडोरात तो 'यूएसआर'मधल्या 'लिबएक्झेक'मध्ये राहतो, डेबियनमध्ये 'लिब'मध्ये. अशा पडद्यामागच्या मदतनिसांना वेगळी खोली देणं ही बीएसडी युनिक्सची पद्धत. रेड हॅटने ती उचलली. पण लिनक्सच्या फोल्डरांची प्रमाण मांडणी १९९४ पासून लिहिली जात असूनही २००४ च्या २.३ आवृत्तीपर्यंत तिच्यात ही खोली नव्हती. डेबियनवाले नियमाचे पक्के, ते 'लिब'मध्येच राहिले. २०१५ च्या ३.० आवृत्तीने लिबएक्झेकला मान्यता दिली. पुढे डेबियननेही दार उघडलं, पण जुनी बिऱ्हाडं एका दिवसात थोडीच हलतात?

आजोबांच्या कागदांवर 'जि. पूर्व खानदेश' आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, १९६० मध्ये पूर्वेकडच्याचं नाव जळगाव झालं. तरी जुन्या पत्त्याची पत्रं घरी येत राहिली म्हणे. पोस्टमन ओळखीचा होता ना!

असो. शेवटी फाइलीतला पत्ताच काढला आणि 'इंटर्नल-एसएफटीपी' लिहिलं, म्हणजे सर्व्हर ते काम स्वतःच करतो. ४१ फोटो आले. आत्याच्या लग्नातल्या एकात आजी कोणावर तरी ओरडतेय. कोणावर, ते घरच्यांनी ओळखा!