भुलीनंतरची मळमळ आणि संगीत : एका उपचाराची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंची चिठ्ठी आली होती. त्यांच्या धाकट्या बहिणीची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. ऑपरेशन उत्तम झालं, पण पुढचे दोन दिवस तिला उमासे थांबेनात. पाण्याचा घोट नको, बोलणं नको, कोणी जवळ आलेलं नको. औषधं चालूच होती. तिसऱ्या पाळीच्या नर्सनं तिच्या कानाला हेडफोन लावून दिले. ताईंचा प्रश्न असा, की याला काही आधार आहे का, की नुसतं मन रमवणं? आणि शेवटी एक ओळ होती, ती आम्हाला जास्त लागली. घरातले काहीजण म्हणत होते, 'हौसेनं करून घेतलंय ना, मग सोसायला नको?'

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपण पाहू शकतो.

आधी शब्दाकडे बघू. इंग्रजीत मळमळीला जो शब्द आहे तो ग्रीक भाषेतल्या जहाजाच्या शब्दावरून आला. म्हणजे मुळात जहाजात होणारा त्रास. आपण मराठीत काय म्हणतो? 'मला गाडी लागते', 'बोट लागते'. पसरणीच्या घाटात दुसऱ्या वळणावर खिडकीशी जागा मागणारा माणूस आणि तो ग्रीक खलाशी एकच गोष्ट सांगताहेत. पण उलटी आणि मळमळ यांत फरक आहे. उलटी दिसते, नर्सला ती तक्त्यावर मांडता येते. मळमळ दिसत नाही. ती ज्याची त्याला. दुसऱ्यानं फक्त विश्वास ठेवायचा. आजही अभ्यासक रुग्णाला विचारतात, शून्य ते दहा, किती? आणि तो सांगेल तो आकडा लिहून घेतात. दुसरा मार्गच नाही. ताईंच्या घरच्यांनी नेमका हा विश्वासच नाकारला होता.

आता थोडे मागे जाऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंधरावा अध्याय आहे, उपकल्पनीय नावाचा. उपकल्पना म्हणजे तयारी, सामानाची जमवाजमव. राजाला किंवा राजासारख्या धनवानाला वमन किंवा विरेचन द्यायचं असेल तर आधी काय काय सिद्ध ठेवावं, हे तिथे सांगितलं आहे. घर भक्कम हवं, वारा थेट अंगावर येऊ नये, धूर-धूळ नको. स्वयंपाक जाणणारे, आंघोळ घालणारे, उठवणारे-बसवणारे सेवक हवेत. दुभती गाय हवी. आणि या यादीत गाणारे, वाजवणारे, श्लोक आणि कथा सांगणारे, इतिहास-पुराण जाणणारे लोकही आहेत. आम्ही हा अध्याय पहिल्यांदा वाचला तेव्हा ही यादी करमणुकीची म्हणून सोडून दिली होती. ताईंच्या चिठ्ठीनंतर पुन्हा उघडला, तेव्हा लक्षात आलं की हा अध्याय चालला आहे तो मुद्दाम उलटी करवण्याच्या उपचाराबद्दल! उलटी हाच उपचार, आणि त्याच्या सिद्धतेत गवई. संगीताने मळमळ थांबते असं चरक कुठे म्हणत नाही, तसं त्याच्या तोंडी घालू नका. तो एवढंच म्हणतो, की ज्याच्या शरीरावर असा प्रसंग येणार आहे त्याच्याभोवती ही माणसं असावीत. पुढे तो एक प्रामाणिक गोष्टही नोंदवतो : हे सगळं सर्वांकडे नसतं. दरिद्री माणसानं अडचणीच्या वेळी एवढी सामग्री जमवत न बसता औषध घ्यावं. म्हणजे गाणं श्रीमंताला, काढा दोघांना.

ही खर्चाची अडचण या सगळ्या इतिहासातून आपला पाठलाग करते. तुर्कस्तानातल्या एदिर्ने गावी सुलतान दुसऱ्या बायेझिदानं १४८८ साली एक मोठं संकुल बांधलं, त्यात रुग्णालय होतं. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी तिथे गेला होता. रुग्णांसाठी गायक-वादक नेमलेले होते आणि आठवड्यातून तीनदा गायन-वादन होई, असं तो लिहितो. दर्गा-देवस्थानांना इनाम असावं तशी या संस्थेची व्यवस्था धर्मादाय उत्पन्नावर चाले, म्हणून ते परवडलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८६० च्या सुमारास शुश्रूषेवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात गोंगाटावरच्या प्रकरणात संगीताचा उल्लेख आहे. मानवी आवाज, फुंकून वाजवायची आणि तारेची वाद्यं, म्हणजे ज्यांचा सूर लांबतो ती, रुग्णाला बरी, आणि पियानोसारखी तुटक सुरांची वाईट, असं त्यांचं निरीक्षण. (आमच्या एका मित्राने हे ऐकून लगेच तंबोऱ्याची बाजू घेतली.) पण त्याही म्हणतात, संगीत इतकं महाग आहे की सर्वांना देण्याचा विचारच करता येत नाही. १८९१ साली लंडनमध्ये कॅनन हारफर्ड नावाच्या पाद्र्याने सेंट सिसिलियाच्या नावाने एक मंडळ काढलं. गायक-वादकांनी इस्पितळात जाऊन हळू आवाजात गावं, आणि पुढेमागे टेलिफोनच्या तारेतून एका ठिकाणचं गाणं अनेक रुग्णालयांत पोचवावं, अशी त्यांची कल्पना होती. मंडळ फार टिकलं नाही. पण टेलिफोनची कल्पना बघा. आज ती प्रत्येक उशीखाली आहे.

दरम्यान वैद्यकात एक फार मोठी गोष्ट घडून गेली होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. वेदनेचा प्रश्न सुटला आणि उलटीचा सुरू झाला! ईथर घेतलेल्यांत उलट्या होणारे इतके, की भुलीची ती किंमतच आहे असं धरून चाललं. जॉन स्नो, म्हणजे लंडनच्या पटकीच्या साथीत तो पाण्याचा पंप शोधून काढणारे, ते मुळात भूलतज्ज्ञ. त्यांनीही भुलीनंतरच्या उलटीबद्दल लिहून ठेवलं आहे. पण एकूण कल असा राहिला की प्राण वाचला, मग चार उलट्यांचं काय कौतुक. हा कल दीडशे वर्षं टिकला. १९९१ साली एका अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी संपादकीय लिहून बजावलं, की ज्याला आपण छोटा प्रश्न म्हणतो तो रुग्णाच्या दृष्टीने मोठा आहे.

संगीत ऑपरेशनच्या खोलीत शिरलं ते ग्रामोफोनच्या कर्ण्यातून. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात केन नावाचं गाव आहे, घराण्याच्याच नावाचं. तिथले सर्जन इव्हान ओनील केन यांनी १९१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कळवलं, की ते ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ लावतात. पूर्ण भूल न देता, तेवढाच भाग बधिर करून काम चाललं असेल, तर रुग्ण जागा असतो, हत्यारांचे आवाज ऐकतो, घाबरतो. त्याचं लक्ष गाण्याकडे जातं. या केनसाहेबांचा आणखी एक पराक्रम सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२१ साली त्यांनी स्वतःचं ॲपेंडिक्स स्वतःच काढलं, बधिरतेचं औषध टोचून, टेकून बसून. हेतू हाच, की त्या भागापुरती भूल पुरते का ते रुग्णाच्या जागेवरून कळावं. रुग्णाला काय वाटतं हे जाणून घेण्यासाठी इतकं लांब जाणारा सर्जन फोनोग्राफही आणणारच.

आणि आमच्या विषयातला एक माणूस. १९३८ साली सार्त्रची कादंबरी आली, तिचं नावच 'मळमळ'. नायक रोकांतँ याला वस्तूंच्या नुसत्या असण्यानेच ढवळून येतं. त्याची ती मळमळ कशाने निवते? कॅफेतल्या एका जॅझच्या रेकॉर्डने. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं आणि मुलांना सांगितलं, की ही पोटातली मळमळ नव्हे, अस्तित्वाची आहे. आता वाटतं, इतकं ठामपणे सांगायला नको होतं.

पुढे १९६० साली एक फॅशन आली. बॉस्टनचे दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि मानसशास्त्रज्ञ लिकलायडर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं, की दाताचं काम चालू असताना कानात संगीत आणि धबधब्यासारखा आवाज सोडला तर वेदना दबते. दवाखान्यांतून यंत्रं बसली. नंतरच्या काटेकोर तपासण्यांत ते पूर्वीइतकं टिकेना, आणि यंत्रं अडगळीत गेली. हे लिकलायडर म्हणजे तेच, ज्यांनी संगणक एकमेकांना जोडण्याचं स्वप्न पाहिलं. तुम्ही आज हे व्याख्यान घरी बसून ऐकताय, त्यात त्यांचा थोडा वाटा आहे.

आता ताईंच्या बहिणीकडे येऊ. लठ्ठपणासाठी शस्त्रक्रिया ही कल्पना १९५४ पासूनची. मिनेसोटा विद्यापीठातल्या शल्यचिकित्सकांनी आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून टाळला. वजन उतरायचं, पण जुलाब आणि यकृताचे विकार मागे लागायचे, म्हणून ती पद्धत सोडावी लागली. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांना दिसलं, की व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्यांचं वजन वाढत नाही. १९६६ साली त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आज आपल्याकडे जास्त चालते ती जठराचा तीन-चतुर्थांश किंवा अधिक भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवायची पद्धत. या नळीला सूज असते, ती ताणायला तयार नसते, आतला दाब वाढलेला असतो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस घोटभर पाणीही वर येऊ पाहतं.

त्यात भुलीचा भाग मिळवा. १९९९ साली आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार साध्या गोष्टी सांगितल्या : रुग्ण स्त्री असणं, धूम्रपान न करणं, पूर्वी अशी मळमळ झालेली असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर अफूच्या कुळातली वेदनाशामकं द्यावी लागणं. चारही नसतील तर धोका शेकडा १० च्या आसपास, चारही असतील तर ७९ च्या जवळ. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय बाईची गत बघा. स्त्री, विडी-सिगरेट नाही, घाटात गाडी लागते, आणि टाक्यांसाठी वेदनाशामक चालू. चारही घरं भरली! यात हौसेचा भाग कुठे आला? आणि हे नुसतं सोसण्याचं प्रकरणही नाही. उमाशांनी ताज्या टाक्यांवर ताण येतो. पाणी पोटात राहिलं नाही तर शरीर सुकतं, घरी जाणं लांबतं. उलट्या आठवडे चालल्या तर थायमिन नावाचं जीवनसत्त्व संपून मेंदूला इजा होऊ शकते.

मग गाण्याने काय होतं? आम्ही जे वाचलं त्यातलं भरवशाचं तेवढं सांगतो. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये ७० हून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. शस्त्रक्रियेच्या आधी, चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकवलेल्यांना वेदना कमी, धास्ती कमी, वेदनाशामकांची गरज कमी, समाधान जास्त. रुग्णालयातले दिवस मात्र कमी झाले नाहीत. आणि मळमळ? ती त्या मोजणीच्या यादीतच नव्हती. स्वीडनमध्ये २००१ साली गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत, रुग्ण पूर्ण भुलीत असताना, संगीत ऐकवून पाहिलं. वेदना आणि थकव्यात फायदा दिसला, मळमळ-उलटीत फरक दिसला नाही. म्हणजे 'संगीताने मळमळ थांबते' असं छातीठोक म्हणणाऱ्याला आपण थांबवलं पाहिजे.

पण एक आडवाट आहे, आणि आम्हाला ती पटते. आप्फेलच्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी बदलता येत नाहीत. चौथी येते. वेदना आणि धास्ती कमी, म्हणून अफूकुळातलं औषध कमी, म्हणून मळमळ कमी. गाणं पोटाशी थेट बोलत नसेल, पण सलाईनच्या बाटलीशी बोलतं, असं म्हणू. यात एक अडचण राहतेच. गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येतं, कानातलं गाणं कसं लपवणार? त्यामुळे कितीसा गुण गाण्याचा आणि कितीसा 'कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी केलं' याचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. चरकाने दोन्ही एकाच यादीत ठेवलं होतं.

आता त्या तक्त्यांबद्दल. अमुक राग पित्तावर, तमुक राग रक्तदाबावर, असे तक्ते आम्हाला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी पाठवतं. त्याच २०१५ च्या आढाव्यात संगीत कोणतं आणि केव्हा लावलं याने परिणामात फारसा फरक पडला नाही. तेव्हा नातेवाइकांनी आपल्या आवडीचा ख्याल रुग्णाच्या कानात भरू नये. तिला विचारावं. नको म्हणाली तर बंद करावं, कारण मळमळीत आवाजही नकोसा होतो. आवाज हळू, आणि डॉक्टरांचं औषध चालू ठेवूनच. हिरवी उलटी, ताप, छातीत धडधड, पोटात वाढती वेदना यांपैकी काही दिसलं तर हेडफोन काढून आधी डॉक्टरांना बोलवा. तिथे गाण्याचं काम नाही.

व्याख्यानाच्या आधी आम्ही त्या ताईंना फोन केला. बहीण आता बरी आहे, घोट-घोट करून ताक घेते. त्या रात्री काय ऐकलं म्हणून विचारलं. आम्हाला वाटलं बासरी असेल. 'छे हो सर,' त्या म्हणाल्या, 'जुनी लावणी. तिनेच मागितली.' आता तुमचे प्रश्न घेऊ.